धरण ८० टक्के भरलं: लोझबानमध्ये हे प्रमाण की खरेपणा?

कृष्णाकाठ (सांगली)

लोझबान शिकणारे इथे दोन-चार जण आहेत असं मागच्या एका धाग्यावरून कळलं, म्हणून विचारतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ही घडवलेली भाषा आहे. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लोगलान नावाच्या भाषेवर काम सुरू केलं. भाषा बदलली तर विचार बदलतो का, हे त्यांना तपासायचं होतं. पुढे १९८७ मध्ये लॉजिकल लँग्वेज ग्रुप स्थापन झाला आणि त्यातून लोझबान उभी राहिली. तिचे मूळ शब्द चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांच्या ध्वनींवरून जुळवलेत. वाक्याची रचना एकाच प्रकारे उलगडली पाहिजे हा तिचा मुख्य नियम.

माझा प्रश्न दोन छोट्या शब्दांचा आहे, ‘नी’ आणि ‘झेय’. (झेयमधला झ हा टेलिव्हिजनमधल्या ज सारखा.) दोन्ही अख्ख्या वाक्याच्या आधी लागतात आणि त्याचं नाम करतात. ‘शार्वी’ म्हणजे पाऊस पडतो.

ले नी शार्वी: पाऊस पडण्याचं प्रमाण.
ले झेय शार्वी: ‘पाऊस पडतो’ या विधानाचं सत्यमूल्य. ते खरं किंवा खोटं असेल, किंवा ० ते १ मधला कुठलाही आकडा असेल.

पावसाच्या बाबतीत फरक समजतो. पण ‘कोयना धरण ८० टक्के भरलं’ हे वाक्य घेतलं की मी अडकतो. हे ८० टक्के पाण्याचं प्रमाण आहे, की ‘धरण भरलं’ हे विधान ०.८ इतकं खरं आहे? माझा कल नीकडे आहे, पण झेय का चालू नये हे नीट सांगता येत नाही.

चहाटपरी

धरण ८० टक्के भरलं म्हणजे पेपरात फोटो येणार आणि दरवाजे कधी उघडणार यावर टपरीवर वाद होणार. सत्यमूल्य १.

रानजाई (सातारा)

कृष्णाकाठ, प्रश्न चांगला आहे. मी बरीच वर्षं ही भाषा वाचते-लिहिते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

दोन्ही शब्दांना दुसरी एक जागा (म्हणजे सोबत भरायच्या माहितीचा रकाना) असते, ती बहुतेक नवशिक्यांकडून सुटते. नीची दुसरी जागा मोजपट्टीची. म्हणजे प्रमाण इतकं, पण कुठल्या मापावर? झेयची दुसरी जागा ज्ञानमार्गाची. म्हणजे इतकं खरं, पण कुठल्या कसोटीनं? जॉन कोवन यांच्या १९९७ च्या संदर्भव्याकरणात या दोन्ही जागा स्पष्ट दिल्या आहेत. लोक त्या रिकाम्या सोडतात आणि मग नी की झेय यावर भांडतात.

आता तुमचं धरण. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). ८० टक्के म्हणजे ८४.२ टीएमसी. हा आकडा पाण्याचा आहे, त्याला मोजपट्टी आहे, आणि पाटबंधारेवाल्यानं वाचला काय आणि तुम्ही वाचला काय, तो तोच. म्हणून नी. भरलेलं असणं याला लोझबानमध्ये ‘शुल्नो’ शब्द आहे. त्याचं झेय काढायचं असेल तर आधी ठरवायला लागेल की ‘भरलं’ असं कधी म्हणायचं.

हळदकांडी

मला एक कळलं नाही. भरलं म्हणजे १००, रिकामं म्हणजे ०, मधे ८० म्हणजे ०.८. यात ठरवायचं काय राहिलं? सरळ भागाकार आहे की.

अंशमात्र (सातारा)

हळदकांडी, इथेच खरी मेख आहे. मी गणित शिकवतो, तर त्या अंगानं सांगतो.

धरणात ४० टक्के पाणी आहे. ‘धरण भरलं’ हे विधान ०.४ खरं आहे, असं तुम्ही पाटणच्या एखाद्या शेतकऱ्याला सांगून बघा. तो म्हणेल, अहो सर, ते सपशेल खोटं आहे. ९५ टक्के असेल तर तोच म्हणेल, भरलंच की. म्हणजे पाणी ४० वरून ९५ वर गेलं, पण खरेपणा ० पासून जवळजवळ १ वर गेला. प्रमाण आणि खरेपणा या दोघांमध्ये एक वक्र बसलेला असतो. लोट्फी झादेह यांनी १९६५ मध्ये अस्पष्ट संचांची कल्पना मांडली तेव्हा हाच वक्र मध्यभागी ठेवला. त्याला सदस्यत्व फल म्हणतात: अमुक इतकं पाणी असलं की ‘भरलेलं’ या संचात धरण किती अंशानं बसतं, हे सांगणारं फल.

मजा अशी की हा वक्र विचारणाऱ्यानुसार बदलतो. पुराची काळजी करणाऱ्याचा वक्र ७० टक्क्यांपासूनच वर चढायला लागतो. शेताच्या पाण्याच्या उन्हाळी पाळीची वाट पाहणाऱ्याचा ९० पर्यंत सपाट. दोघांना धरणाचा आकडा एकच दिसतो, नी एकच आहे. झेय दोन आहेत.

लोझबान हा वक्र तुम्हाला देत नाही. ती फक्त दोन खुंट्या देते, एक प्रमाणासाठी आणि एक खरेपणासाठी. एकावरून दुसऱ्यावर कसं जायचं हे बोलणाऱ्यानं ठरवायचं. मला हे योग्य वाटतं. भाषेनं हे ठरवून टाकलं असतं तर ती एका माणसाच्या मताची भाषा झाली असती.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, ‘नी एकच, झेय दोन’ हे लिहून ठेवतो.

मग उलटं विचारतो. ज्याला मोजपट्टीच नाही त्याचं नी काढता येतं का? ‘ती मुलगी किती सुंदर आहे’ याचं नी?

गोडमिट्टक

मराठीत ते सोपं आहे, ‘लई’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. साताऱ्याकडं ‘वाईच’ म्हटलं की थोडं, ‘लई’ म्हटलं की पुष्कळ. त्याच्यावर ‘रग्गड’ आणि ‘बक्कळ’.

रानजाई (सातारा)

काढता येतं. सुंदरसाठी ‘मेल्बी’ हा शब्द आहे आणि त्याच्या जागांमध्येच ‘कुणाला’, ‘कुठल्या बाबतीत’ आणि ‘कुठल्या सौंदर्यकसोटीनं’ हे सगळं येतं. त्यामुळे नी लावलं तरी हवेत राहत नाही. आकडा देता आला नाही तर देऊ नका, ‘ले नी’ असं नाव घेऊन त्याबद्दल बोलता येतं: वाढलं, कमी झालं, दुसरीपेक्षा जास्त आहे. तुलनेच्या ‘ज्मादू’ या शब्दात तर ‘कशात जास्त’ आणि ‘कितीनं जास्त’ अशा दोन स्वतंत्र जागा आहेत.

गोडमिट्टक, तुमच्या लई आणि वाईचला तिकडे ‘मुचे’ आणि ‘मिल्खे’ आहेत. मुचे कुक्ते म्हणजे लई चवदार, मिल्खे कुक्ते म्हणजे बेताचं चवदार.

गोडमिट्टक

पण मग आमच्या नावासारखं काही आहे का? गोडमिट्टक, आंबटढाण, कडूजहर, लालभडक, काळाकुट्ट, पिवळाधमक, हिरवागार. प्रत्येकाला आपापली शेपटी. ढाण लालला लागत नाही, भडक काळ्याला लागत नाही. आणि उतरत्या बाजूला लालसर, काळपट, कडवट, ओलसर. मुचे आणि मिल्खे या दोन शब्दांत हे सगळं कोंबायचं म्हणजे अन्यायच की ओ.

हळदकांडी

+१. आमच्या धंद्यात तर यावर दर ठरतो. सांगलीच्या बाजारात सौद्याला हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघतात. पिवळं, गर्द पिवळं, केशरीकडं झुकणारं, सगळ्याचा भाव वेगळा. ‘मुचे पिवळं’ असं म्हटलं तर अडत्या काय बोली लावणार?

अंशमात्र (सातारा)

हळदकांडी, पण ‘पिवळाधमक’ म्हटल्यावर तरी अडत्या बोली लावतो का? तो कांडं बघतो. शब्द त्याला फक्त ढिगाकडे घेऊन जातो.

हळदकांडी

हे मात्र खरं. बघितल्याशिवाय बोट कुणी उचलत नाही.

जवारी_मिरज

प्रमाण आकड्यात सांगता येत नाही म्हणून ते कमी नेमकं असतं असं कुणी समजू नये, एवढ्यासाठी लिहितोय. आमच्याकडं मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारेचा झंकार जुळवतात. घोडीचा माथा घासत जायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि ऐकायचं. ‘अजून बंद आहे’, ‘जरा जास्त खुलली’, ‘आता बसली’. हे सगळं कानावर. दोन जाणते कारागीर शेजारी बसले तर ‘आता बसली’ हे दोघं एकाच क्षणी म्हणतात. मोजपट्टी नाही, तरी मतभेद नाही.

मग या भाषेत ‘जवारी निम्मी खुलली’ हे कसं म्हणायचं? आकडा लावला तर कारागीर हसेल.

रानजाई (सातारा)

जवारी, आकडा लावायची सक्ती कुठेच नाही. ‘नाहे’, ‘नोहे’ आणि ‘तोहे’ हे तीन शब्द बघा. एखाद्या गुणाच्या आधी नाहे लावला की ‘तो गुण सोडून दुसरं काही’, तोहे लावला की थेट उलट टोक, आणि नोहे म्हणजे दोन टोकांच्या मधलं. खुली जवारी, तिचं तोहे म्हणजे बंद, तिचं नोहे म्हणजे अधलीमधली. पट्टीवरची जागा सांगितली, पण पट्टीवर आकडे कोरले नाहीत. मला वाटतं तुमच्या कारागिराला हे पटेल.

पाटीलवाडा

मंडळी, राग मानू नका. ही भाषा बोलतं कोण? आपल्या पोरांना धड प्रमाण मराठी लिहिता येत नाही, बोली तर मरायला लागली, आणि आपण कुणीतरी बनवलेल्या भाषेत धरण भरतोय. त्या वेळात बोलीतले शब्द गोळा केले असते तर उपयोग झाला असता.

गोडमिट्टक

पाटील, मी या धाग्यावर बोलीतलेच शब्द गोळा केलेत की. वर बघा.

कृष्णाकाठ (सांगली)

पाटीलसाहेब, राग नाही. पण मला एक मनापासून सांगायचंय. ही भाषा शिकायला लागल्यापासून मी मराठीकडं जास्त बारकाईनं बघतोय. ‘बऱ्यापैकी’, ‘जवळजवळ’, ‘तसं म्हटलं तर’, ‘म्हणं’ हे शब्द आपण रोज वापरतो. त्यातला कुठला प्रमाण सांगतो, कुठला खरेपणा, कुठला आपली खात्री, याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. ‘पाऊस बऱ्यापैकी पडला’ यात प्रमाण आहे. ‘तो बऱ्यापैकी डॉक्टरच आहे’ (कंपाउंडरबद्दल) यात खरेपणाचा अंश आहे. शब्द एकच.

स्यात् (कुपवाड)

उशिरा येतोय, पण हा विषय माझ्या जवळचा आहे. आमच्या सांगली भागात जैन घरं पुष्कळ, माझंही त्यातलंच. खरेपणाचा अंश म्हटल्यावर लगेच स्याद्वाद आठवला. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति, स्यात् अस्ति नास्ति, स्यात् अवक्तव्य, आणि पुढचे तीन मिळून सप्तभंगी. एक विधान सात प्रकारे तपासायचं. पाश्चात्त्य तर्कशास्त्र खरं आणि खोटं एवढ्यावर अडलेलं असताना आपल्याकडे हे झालेलं होतं. झेयचा ० ते १ हा आकडा म्हणजे याचंच आधुनिक रूप नाही का?

अंशमात्र (सातारा)

स्यात्, आदरपूर्वक असहमत. स्याद्वाद अंश मोजत नाही. मडकं आहे असं एका दृष्टीनं म्हणता येतं, नाही असं दुसऱ्या दृष्टीनं. आपल्या द्रव्याच्या, क्षेत्राच्या, काळाच्या, भावाच्या अपेक्षेनं (म्हणजे त्या दृष्टीनं, त्या संदर्भात) ते आहे, परद्रव्याच्या अपेक्षेनं नाही. त्या त्या अपेक्षेत विधान पूर्ण खरं असतं, ०.६ खरं नसतं. ‘स्यात्’चं भाषांतर बरेच जण ‘कदाचित’ असं करतात, त्यानं गोंधळ वाढतो. जैन आचार्यांना संशय अभिप्रेत नाही, अपेक्षा अभिप्रेत आहे.

तीन मूल्यांचं तर्कशास्त्र पोलंडच्या यान लुकासिएविच यांनी १९२० मध्ये मांडलं, ती वाट वेगळी. तिथे मधलं मूल्य खरोखर मधलं आहे.

रानजाई (सातारा)

सर, तुमचं हे उत्तर वाचताना मला एकदम वाटलं की स्यात् यांचा मुद्दा बरोबर आहे, फक्त जागा बदलायला हवी.

झेयची दुसरी जागा आठवा: कुठल्या कसोटीनं खरं. ‘झेत्नू’ म्हणजे खरं असणं, या मूळ शब्दालाही तीच दुसरी जागा आहे. स्याद्वादातली अपेक्षा तिथे बसते! आकड्याच्या खुंटीला टांगायची नाही, कसोटीच्या खुंटीला टांगायची. ‘मडकं आहे’ याचं सत्यमूल्य १, स्वद्रव्याच्या अपेक्षेनं. त्याच विधानाचं सत्यमूल्य ०, परद्रव्याच्या अपेक्षेनं. दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहतात आणि विरोध येत नाही, कारण दुसरी जागा वेगळी भरली आहे.

बहुतेक भाषांमध्ये ‘खरं’ हा शब्द एकटा उभा असतो. इथे तो कुणाच्या तरी, कशाच्या तरी अपेक्षेनंच उभा राहतो. जागा रिकामी सोडली तरी ती असते, समोरचा विचारू शकतो.

स्यात् (कुपवाड)

रानजाईताई, हे पटलं, अगदी मनापासून पटलं. अंशमात्र सर म्हणतात ते ‘कदाचित’बद्दलचंही खरं, आमच्या पाठशाळेत गुरुजी त्यावर फार चिडायचे.

पण मग ‘अवक्तव्य’ कुठे बसवाल? अस्ति आणि नास्ति दोन्ही एकाच दमात सांगायचं ठरवलं तर बोलताच येत नाही, हा सातांतला चौथा भंग (प्रकार). त्याला ०.५ म्हणायचं नाही ना?

रानजाई (सातारा)

नाही म्हणायचं. तिथे दुसरी जागा एकाच वेळी दोन कसोट्यांनी भरायचा प्रयत्न आहे. माझ्याकडे याला तयार वाक्य नाही, उगाच काहीतरी रचून देणार नाही.

अंशमात्र (सातारा)

०.५ चा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो, ती महत्त्वाची आहे. खरेपणाचा अंश आणि शक्यता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आकडा दोन्हीकडे ० ते १ असल्यामुळे लोक फसतात.

‘उद्या साताऱ्यात पाऊस पडायची शक्यता निम्मी’ म्हणजे उद्या एकतर पडेल किंवा पडणार नाही, आज माहीत नाही एवढंच. उद्या संध्याकाळी तो आकडा १ किंवा ० होऊन जाईल. पण आत्ता अंगणात भुरभुर चालू आहे, छत्री उघडावी की नाही कळत नाही, अशा वेळी ‘पाऊस पडतोय’ हे निम्मं खरं. इथे माहितीची कमतरता नाही. सगळं डोळ्यांसमोर आहे, आणखी कितीही वाट पाहिली तरी आत्ताच्या या क्षणाचा आकडा बदलणार नाही.

गणितातही फरक पडतो. झादेह यांच्या पद्धतीत ‘नाही’ म्हणजे १ वजा मूल्य, ‘आणि’ म्हणजे दोघांतलं लहान. मग पाऊस पडतोय ०.५, पडत नाही ०.५, आणि ‘पडतोय आणि पडत नाही’ हेही ०.५! भुरभुरीच्या वेळी आपण तसंच बोलतो, ‘पडतोय पण आणि नाही पण’. शक्यतेच्या गणितात मात्र हे ० येतं, यायलाच हवं.

चहाटपरी

सर, महाबळेश्वरला या एकदा जुलैमध्ये. तिथे भुरभुर नसते, सरळ १.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, मग हे लोझबानमध्ये सांगायचं कसं? ‘लि पीमू शु झेय शार्वी’ एवढं मला येतं. पीमू म्हणजे दशांश पाच, ०.५ हे ‘पाऊस पडतो’चं सत्यमूल्य. पण हे वाक्य आकड्याबद्दल बोलतं, पावसाबद्दल नाही. मला थेट ‘पाऊस निम्मा पडतोय’ म्हणायचंय.

रानजाई (सातारा)

होकाराचा शब्द ‘झाहा’, त्याला ‘खी’ लावून आकडा जोडा. झाहा खी पीमू शार्वी. होकारच, पण ०.५ चा. खीचं मूळ काम नावांना खाली अंक लावायचं, पण अंशाच्या खरेपणासाठी लोक हा प्रयोग करतात.

एक सावधगिरी. ‘आणि’, ‘किंवा’ यांचे लोझबानमधले शब्द दोन मूल्यांच्या सत्यकोष्टकांवर (खरं-खोटंच्या तक्त्यांवर) बेतलेले आहेत. आ, ए, ओ, ऊ या चार स्वरांवर सगळी इमारत उभी आहे. तुम्ही झाहा खी पीमूची दोन वाक्यं ‘आणि’नं जोडलीत तर लहान आकडा घ्यायचा की गुणाकार करायचा, हे व्याकरण सांगत नाही. अंशमात्र सरांची पद्धत तुमची तुम्हाला आणावी लागेल.

तुळसाबाई

मी भाषेतली नाही, माझा लेक हा धागा वाचत होता म्हणून वाचला. मला एवढंच विचारायचंय की पुराच्या वेळी मोबाइलवर जे मेसेज येतात त्याला काही करता येईल का? २०१९ ला सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या मोबाइलवर नुसता पाऊस पडला मेसेजचा. ‘पाणी चौकापर्यंत आलंय.’ मी विचारायची, किती खरं? उत्तर, ‘निम्मं खरं आहे काकू.’ आता निम्मं खरं म्हणजे म्हातारीला वरच्या मजल्यावर न्यायचं का नाही?

कृष्णाकाठ (सांगली)

काकू, तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला प्रश्न विचारलात.

रानजाई (सातारा)

खरंच. काकू, ‘निम्मं खरं’ यात किती गोष्टी दडतात बघा. एक, पाणी निम्म्या चौकात आलंय. दोन, चौक ओला झालाय पण ‘पाणी आलं’ म्हणावं की नाही हे ठरत नाही. तीन, सांगणाऱ्याला स्वतःलाच निम्मी खात्री. चार, त्यानं बघितलेलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तो हात राखून बोलतोय. आणि भीतीनं आवाज चढलाय तो वेगळाच.

लोझबानमध्ये या प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे. पहिलं नी, दुसरं झेय. खात्रीसाठी ‘झुहो’. कुठून कळलं यासाठी ‘जाहा’ म्हणजे स्वतः पाहतोय (यातला ज जरातला, होकाराचा झाहा वेगळा) आणि ‘तिहे’ म्हणजे ऐकलंय, म्हणजे आपलं ‘म्हणं’. भीतीसाठी ‘यी’. आणि भावनेच्या जोरासाठी शाय, साय, रुहे: फार, बरीच, थोडी. यी शाय म्हणजे पोटात गोळा, यी रुहे म्हणजे जराशी धाकधूक. मधल्या तटस्थ अवस्थेला शुही, आणि उलट बाजूला ‘नाय’. यी नाय म्हणजे भीतीच्या उलट, सुरक्षित वाटतंय.

गोडमिट्टक

नाय?? हे तर आमचंच!

रानजाई (सातारा)

योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.

यात सगळ्यात उपयोगी भाग प्रश्नांचा. ‘पेय’ हा शब्द यांपैकी कशालाही लावून विचारता येतं. झुहो पेय? तुला किती खात्री? झुहा पेय? (हा वेगळा शब्द, विधान करतोय एवढंच सांगणारा.) याचा अर्थ, कशाच्या आधारावर म्हणतोस? आणि सत्यमूल्य हवं तर ‘लि खो शु झेय’, कितीचा आकडा? म्हणजे काकूंचा ‘किती खरं?’ हा एक प्रश्न इथे तीन वेगळ्या प्रश्नांत मोडतो, आणि समोरच्याला तिन्हीचं एकच उत्तर देऊन सुटता येत नाही.

पाटीलवाडा

हे मात्र मला उपयोगाचं वाटतंय. आमच्या गावच्या ग्रुपवर पुराच्या वेळी असंच लिहायला लावू, मराठीतच. बघितलं का ऐकलं, ते आधी. मग पाणी कुठवर. मग खात्री. लोझबानचा एक शब्दही न वापरता.

अंशमात्र (सातारा)

पाटील, नक्की लावा. एकच भर घालतो: ऐकलेल्या गोष्टीला खात्रीचा मोठा आकडा लावायला बंदी नाही. मुलानं फोन करून सांगितलं तर ऐकीव असूनही खात्री पूर्ण. आणि स्वतः रात्रीच्या अंधारात गच्चीवरून बघितलेलं असेल तर बघितलेलं असूनही खात्री कमी. आधार आणि खात्री एकमेकांवरून काढता येत नाहीत, दोन्ही विचारायलाच लागतात. व्याकरणात त्यांना वेगळे शब्द आहेत ते याच कारणानं योग्य आहे.

जवारी_मिरज

मूळ प्रश्नाकडं येतो. धरण ८० टक्के. नी ठरलं का मग?

कृष्णाकाठ (सांगली)

माझ्यासाठी ठरलं. पेपरातलं ‘८० टक्के भरलं’ हे नी, मोजपट्टी टीएमसीची. धरणाखालच्या गावातल्या माणसानं ‘भरलंय’ म्हटलं तर झेय, कसोटी त्याची. दोन्ही वाक्यं एका बातमीत शेजारी येऊ शकतात.

पण रानजाईताई, एक शिल्लक आहे. ‘धरणात किती पाणी आहे हे मला माहीत आहे’ यात ‘ले नी’ वापरावं का? मी दोन ठिकाणी दोन पद्धती पाहिल्या.

रानजाई (सातारा)

हा जुना वाद आहे. नी म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण, एक राशी. माहीत असणं हे राशीचं नसतं, गोष्टीचं असतं: ‘ती राशी अमुक आहे’ हे माहीत असतं. म्हणून माहीत असण्याच्या क्रियापदासोबत ‘दुहू’ (वाक्याचं ‘अमुक ही गोष्ट’ असं नाम करणारा शब्द) वापरून आत प्रश्नवाचक शब्दाला ‘काउ’ (थेट न विचारता प्रश्न वाक्यात गुंफणारा शब्द) लावणं मला बरोबर वाटतं. झेयचंही तसंच. ‘पाऊस पडतोय की नाही हे मला माहीत आहे’ यासाठी पूर्वी झेय सर्रास वापरायचे, आता ‘मि जुनो ले दुहू खूकाउ शार्वी’ असं लिहितात. सत्यमूल्य माहीत असणं म्हणजे ०.५ हा आकडा ओळखीचा असणं, असा भलताच अर्थ निघतो नाहीतर.

नीसोबत मात्र अजून बरेच जण सैल वापर करतात आणि संदर्भानं समजून घेतात. मी करत नाही. तुलनेत आणि मोजमापात नी ठेवा, माहितीच्या वाक्यात दुहू.

हळदकांडी

सरावासाठी एक वाक्य मी केलंय, तपासा. ‘लि वोमू शु नी ले रिर्खे शु शोन्दी’. नदी खोल असण्याचं प्रमाण ४५. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, म्हणून घेतलं.

रानजाई (सातारा)

व्याकरण अगदी बरोबर. पण ४५ काय? आणि कुठे मोजलेले? दुसरी जागा भरा.

कृष्णाकाठ (सांगली)

आणि ती भरायलाच पाहिजे हो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, इशारा ३९. आपल्या आयर्विनला इशारा ४० आणि धोका ४५. नुसता ‘४४ फूट’ असा मेसेज फिरला तर कोल्हापूरच्या माणसानं सामान हलवायचं आणि सांगलीच्या माणसानं तयारीत राहायचं. पाटीलसाहेब, तुमच्या ग्रुपच्या नमुन्यात पूल किंवा बंधाऱ्याचं नाव सक्तीचं करा.

पाटीलवाडा

केलं. आणि वेळ. किती वाजता बघितलं ते.

तुळसाबाई

नमुना तयार झाला की इथं टाका, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पण लावते.